सूर्यप्रकाशात पाठाचे चित्रीकरण

पाठाचे चित्रीकरण हे आता प्राथमिक शिक्षकाच्या नित्याच्या कामांपैकी एक होऊन बसले आहे. २०२० साली शाळांची दारे बंद झाली, तेव्हा ग्रामीण भागातील असंख्य शिक्षकांनी खिशातील मोबाइल पुढे ठेवून पाठ घेतले व ते मुलांच्या घरी पोचविले. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी ही सवय राहिली आणि ती राहिली हे बरेच झाले. बियाण्यास मोड कसा फुटतो, गुऱ्हाळात रस कसा आटतो, पहिलीतील मूल पाच महिन्यांत किती वाचू लागले, हे सारे चित्रात साठविता येते. परंतु अशी बरीचशी चित्रे पाहताना एक गोष्ट मनास खटकते. आवाज ऐकू येतो, फळा दिसतो, मागचे आकाश तर लखलखीत दिसते; मात्र बोलणाऱ्या मुलाचा चेहरा काळ्या छायेसारखा दिसतो. शाळेजवळ दिवे नाहीत, ते घेण्यास पैसा नाही, म्हणून असे होते, अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नव्हे. दिव्यांवाचून उत्तम चित्रीकरण होते. आपल्याकडे चित्रपटाचा जन्मच मुळी दिव्यांवाचून झाला.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले ते उघड्यावर, सूर्याच्या उजेडात. केंब्रिजची रँग्लर ही पदवी मिळवून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ साली परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रही सावेदाद्यांनी असेच घेतले. धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याचे देखावे दादरच्या बंगल्यावर उभारलेले होते आणि बाहेरची दृश्ये वांगणी गावाच्या परिसरात घेतलेली होती. राजवाडा असो वा रान, दिवा एकच, आकाशातला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या अंगावर उजेड परतवीत असत, असा उल्लेख त्यांच्या चरित्रविषयक लेखनात आढळतो. ह्या चादरीकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे, कारण शाळेच्या दृष्टीने सबंध इतिहासात तीच सर्वांत उपयोगी वस्तू होय.

अमेरिकेतही आरंभी हीच स्थिती होती. एडिसनने १८९३ साली न्यू जर्सीतील आपल्या प्रयोगशाळेच्या आवारात चित्रीकरणासाठी एक काळे खोपटे बांधले. त्याचे छप्पर उघडत असे, आणि सबंध खोपटे एका वर्तुळाकार रुळावर फिरत असे. सूर्य जसा सरके, तसे माणसे खोपट्यास ढकलीत. एवढा खटाटोप शाळेस करावयाचा नाही. खोपटे फिरविण्याऐवजी मुलास दोन पावले सरकविले म्हणजे काम होते. पण कोणत्या दिशेस सरकवावे, हे कळण्यासाठी सूर्याची चाल ठाऊक हवी, आणि ती आपल्याच गावची ठाऊक हवी.

माळेगाव बुद्रुक हे गाव सुमारे १८ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. रेखांश सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंश. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. म्हणजे तेथील सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे बत्तीस मिनिटे मागे असतो. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असे मुलांस सांगितले जाते. प्रत्यक्षात माळेगावी मध्यान्ह साधारण साडेबाराला होते, नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यास पाऊणच्या सुमारास. मध्यान्हीचा सूर्य डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंच असतो, मार्च व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे ७२ अंश. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो नेमका माथ्यावर येतो. तसाच तो जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो. तेव्हा बहुधा ढग असतात, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही आकडेमोड कोरडी वाटेल. ती मुलांच्या हाती दिली की तिचा परिसर अभ्यासाचा सुंदर पाठ होतो. अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी. दहा वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावलीची वेळ ही गावची मध्यान्ह होय आणि त्या सावलीची रेषा ही उत्तर-दक्षिण रेषा होय. डिसेंबरात ही सावली सुमारे ८९ सेंटिमीटर भरेल, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे ३३, मेच्या दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ शून्य; आणि २१ जूनला ती नऊ सेंटिमीटरांची असेल, पण पडेल दक्षिणेकडे. ढग नसतील तर मुलांस हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. पुस्तकातील कर्कवृत्ताचे चित्र दहा वेळा दाखवूनही जे साधत नाही, ते त्या एका उलट्या सावलीने साधते.

चित्रीकरणासाठी ह्या काठीचा उपयोग असा. सावली काठीएवढी अथवा तिच्याहून लांब असेल, तेव्हा ऊन पुरेसे तिरपे असते व चेहऱ्यावर बाजूने येते. डोळे, गाल, ओठ स्पष्ट दिसतात. सावली काठीहून आखूड झाली की ऊन वरून कोसळू लागते. कपाळ व नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, आणि हसरे मूलही त्रासलेले दिसते. माळेगावी डिसेंबरात ही अडचणीची वेळ फक्त सव्वाअकरापासून पावणेदोनपर्यंतची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ती दहाच्या आधीच सुरू होते व साडेतीनच्या सुमारास संपते, आणि मेमध्ये सव्वानऊपासून थेट पावणेचारच्या आसपासपर्यंत. यावरून उघड्यावरील चित्रीकरणास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, हे वेगळे सांगावयास नको. काठी जवळ नसेल तर मुलाची स्वतःची सावली पाहावी. मुलाहून सावली लांब, तर काम चालू द्यावे. आखूड, तर छायेत जावे.

छायेत जावे असे म्हटले की पुष्कळांस आश्चर्य वाटते. उजेड हवा म्हणून तर बाहेर आलो, मग छायेत कशाला? येथेच सर्व मर्म आहे. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. उघड्या आकाशाखालच्या छायेतही तो दहा हजारांच्या घरात असतो. वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात मात्र तो काही शेच उरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यास छायेतील प्रकाश भरपूर होतो. उन्हाचा उजेड एका बिंदूतून येतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार असतात; छायेतील उजेड सबंध आकाशातून येतो, म्हणून तो चेहऱ्यावर सर्व बाजूंनी हळुवार पसरतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ ह्या १९५६ च्या चित्रपटात छायाचित्रकार सुब्रत मित्र यांस काशीच्या घराच्या चौकातील असाच आकाशातून उतरणारा उजेड स्टुडिओत हवा होता. ताणलेल्या पांढऱ्या कापडावर दिवे परतवून त्यांनी तो निर्माण केला. जो उजेड मिळविण्यासाठी त्यांस इतके श्रम पडले, तो जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात फुकट पडलेला असतो.

व्हरांड्याचा उपयोग मात्र बहुधा उलटा केला जातो. शिक्षक आत भिंतीशी बसतात, मूल बाहेरच्या बाजूस उभे राहते, आणि त्याच्यामागे उन्हाने तळपणारे अंगण येते. कॅमेरा अंगणाचा उजेड मोजतो व मुलाचा चेहरा अंधारात लोटतो. जागा अदलाबदल करावी. पावसाळ्यात पागोळ्या जेथे पडतात, त्या रेषेपासून हातभर आत मुलास उभे करावे, तोंड अंगणाकडे. आणि शिक्षकांनी अंगणात उभे राहून, शाळेकडे तोंड करून चित्र घ्यावे. मुलाच्या चेहऱ्यावर आकाशाचा उजेड येतो, मागे व्हरांड्याची मंद भिंत राहते, आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप चेहऱ्यावर ठरते. एवढी एक गोष्ट साधली तरी निम्म्याहून अधिक चित्रे सुधारतील.

व्हरांडा कोणत्या दिशेस आहे, यावर वेळ ठरते. पूर्वाभिमुख व्हरांडा दुपारनंतर चांगला, पश्चिमाभिमुख दुपारपूर्वी. दक्षिणाभिमुख व्हरांड्यात हिवाळ्यात ऊन खोल शिरते: पागोळी आठ फूट उंचीवर असेल तर डिसेंबरच्या मध्यान्ही ते सुमारे सात फूट आत येते, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अडीच-तीन फूटच. तेव्हा अशा शाळेत डिसेंबरात मूल भिंतीलगत घ्यावे लागेल. उत्तराभिमुख व्हरांडा असलेल्या शाळा भाग्यवान. हिवाळाभर तेथे ऊन येत नाही व उजेड दिवसभर सारखा राहतो.

भिंतीच्या रंगाकडेही लक्ष असावे. पांढऱ्या चुन्याची भिंत समोर असेल तर ती दुसऱ्या दिव्याचे काम करते. भिंत हिरवी अथवा गडद निळी रंगविलेली असेल, तर तिच्यावरून परतलेला उजेड तोच रंग घेऊन गालावर येतो व मूल आजारी दिसू लागते. झाडाखाली उभे करण्याचा मोहही आवरावा. निदान कडुलिंबाखाली नको. त्याच्या विरळ पानांतून उन्हाचे कवडसे गळतात, आणि अर्धे कपाळ पांढरेफेक तर अर्धे काळे असे चित्र येते. वडाची अथवा जुन्या आंब्याची दाट छाया चालते. तीही खोडाशी नव्हे, तर छायेच्या कडेला.

पाठच शेतातला असेल तर छाया कोठून आणावी? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने ह्या टापूत ऊस आणला, माळेगावचा सहकारी साखर कारखाना त्याच उसावर उभा राहिला. तेव्हा ऊसलागवडीचा पाठ उसाजवळच व्हावा हे योग्यच आहे. उसाची हिरवी भिंत ही मागे घेण्यास फार चांगली. ती आकाशाइतकी तेजस्वी नसते, म्हणून कॅमेऱ्याची फसगत होत नाही. मूल बांधावर उभे करावे, सरीत नव्हे. उसाच्या पात्यांनी अंग कापते आणि आत काय आहे ते दिसत नाही. कालव्याचे चमकणारे पाणी मात्र मागे येऊ देऊ नये, आणि काठावर पाठ करून मुलास उभे करणे तर धोक्याचेच.

अशा उघड्या जागी सूर्य कोठे ठेवावा, याबद्दल एक जुना नियम सांगितला जातो: सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा. फिल्मचा वेग मंद होता त्या काळी तो शहाणपणाचा होता. आज तो आंधळेपणाने पाळला तर मुलाच्या डोळ्यांत ऊन जाते, डोळे मिचमिचतात, पाणी येते, आणि कविता म्हणण्याऐवजी ते ऊन चुकविण्याच्याच विचारात राहते. मुलास सूर्याकडे टक लावून पाहावयास लावणे हे तर केव्हाही वर्ज्य. त्याहून सूर्य मुलाच्या खांद्यामागे, एका बाजूस ठेवावा. केसांवर व खांद्यावर उजेडाची कड येते, डोळे उघडे राहतात. चेहरा छायेत जातो हे खरे. तेथे सरस्वतीबाईंची चादर कामास येते.

पांढरी चादर, धोतराचे पान अथवा पांढरा कागद चिकटविलेला मोठा पुठ्ठा, यांपैकी काहीही चालेल. दोन मोठ्या मुलांनी ती मुलासमोर किंचित बाजूस, तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीवर ताणून धरावी. चादरीवर ऊन पडले पाहिजे, आणि तिची पांढरी बाजू चेहऱ्याकडे वळलेली पाहिजे. ती हलवून पाहावी. चेहरा केव्हा उजळतो ते साध्या डोळ्यांस कळते. दूर धरली तर परिणाम झपाट्याने उणावतो. जमिनीवर अंथरली तर उजेड खालून येतो व चेहरा भेसूर दिसतो. चकचकीत कागद लावू नये. तो डोळ्यांत खुपतो. भर मध्यान्हीच काम करणे भाग असेल, तर पातळ पांढरे मलमल बांबूंस बांधून मुलाच्या डोक्यावर मांडवासारखे धरावे. वाऱ्याच्या दिवशी हा उद्योग करू नये हे अनुभवास येईलच.

आता खुद्द मोबाइलविषयी. चित्र घेण्यापूर्वी काच स्वच्छ सुती फडक्याने पुसावी. खिशातील घामाचा व बोटांचा थर काचेवर असतो, आणि त्यावर ऊन पडले की सबंध चित्र धुरकट होते. काचेवर थेट ऊन येत असेल तर वरून वहीची आडोशी धरावी. कॅमेरा आपण होऊन उजेड मोजतो तो समोरच्या सबंध दृश्याचा, आणि त्या सर्वांचा मध्यम करड्यास जुळेल असा हिशेब धरतो. त्यास मूल आणि आकाश यांतील भेद कळत नाही. म्हणून पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. उजेडाचे माप तेथून घेतले जाते. पुष्कळ मोबाइलांत बोट क्षणभर दाबून धरल्यास ते माप कायम राहते, आणि शेजारी सूर्याची लहानशी खूण येते. ती वरखाली सरकविल्यास चित्र उजळ अथवा मंद होते. माप कायम केले नाही, तर पांढरा सदरा घातलेले दुसरे मूल चौकटीत येताच पहिल्याचा चेहरा काळवंडतो.

ह्या काळवंडण्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. सावळ्या मुलांचे चित्र नीट येत नाही म्हणून पाठात उजळ वर्णाची मुले पुढे घ्यावी, असा प्रघात कोठे कोठे पडू पाहतो. त्यामागे दुष्ट हेतू नसतो, पण मूल मागे सारले जाते ते जातेच, आणि का ते त्यास बरोबर कळते. दोष वर्णाचा नाही, मोजमापाचा आहे. फाळक्यांच्या काळची फिल्म निळ्या रंगास फार संवेदनशील व तांबड्या रंगास जवळजवळ आंधळी असे. आकाश कोरे पांढरे आणि मनुष्याची कातडी वाजवीपेक्षा काळी उमटे. पुढे रंगीत फिल्म आली, तेव्हा परदेशांतील प्रयोगशाळा रंग जुळविण्यासाठी गोऱ्या स्त्रियांची छायाचित्रे नमुना म्हणून वर्षानुवर्षे वापरीत. साधने अशी घडली, मुले नव्हेत. सावळ्या चेहऱ्यासाठी मागची बाजू आकाशाची न घेता मंद घ्यावी, माप चेहऱ्यावरून घ्यावे, चादर हातभर जवळ आणावी, आणि उजेड समोरून न घेता बाजूने घ्यावा. सावळ्या कातडीवर बाजूच्या उजेडाची जी झळाळी उमटते, ती फिक्या कातडीवर येत नाही.

माळेगावसारख्या कारखान्याच्या गावी ह्या गोष्टीस आणखी एक महत्त्व आहे. गळीत हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांतून येतात, कोप्या पडतात, आणि त्यांची मुले काही महिने जवळच्या शाळेत बसतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे. त्यावरून मूल कोणत्या इयत्तेत आहे व काय शिकले ते दुसऱ्या शाळेस कळते. पण ‘जोडाक्षरयुक्त मजकूर अडखळत वाचतो’ ह्या एका ओळीहून दोन मिनिटांचे चित्र अधिक सांगते. मूल कोणत्या अक्षराशी थांबते, बोट कोठे ठेवते, ओठ कसे हलवते, अडल्यावर वर कोणाकडे पाहते, हे सारे त्यात असते. मूळ गावच्या शिक्षकाच्या हाती असे चित्र पडले, तर त्याचे पंधरा दिवस वाचतील. मात्र ओठ दिसले पाहिजेत आणि डोळे दिसले पाहिजेत. काळ्या छायेचे वाचन ऐकून त्यास काहीच उमगणार नाही.

असे चित्र घेण्यापूर्वी आईबापांस विचारावे, चित्र कोणास पाठविणार ते त्यांस सांगावे, आणि ते त्या शिक्षकाखेरीज इतरत्र फिरू देऊ नये. कोपीच्या आत चित्र घेऊ नये. तेथे उजेडही नसतो, आणि कुटुंबाची अडचण चित्रात आणण्याचा अधिकार शाळेस नाही. मुलास शाळेच्या व्हरांड्यात, स्वच्छ चेहऱ्याने, हाती पुस्तक देऊन उभे करावे. पुस्तकाचे पांढरे पानच खालून थोडा उजेड चेहऱ्यावर टाकते, ही एक सोय. मात्र पानावर थेट ऊन पडू देऊ नये; डोळे दिपतात व वाचन अडते, आणि तो अडखळा मुलाच्या खाती जमा होतो.

दीर्घ पाठाचे चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होते, तेव्हा सूर्य तासास सुमारे पंधरा अंश पुढे जातो याचे भान ठेवावे. दहा वाजता सुरू केलेल्या पाठाचा उत्तरार्ध बारास घेतला, तर एका वाक्यात सावली पश्चिमेस लांब आणि पुढच्यात पायाशी, असे विचित्र दिसते. दूरची सर्व दृश्ये आधी घ्यावी, कारण सावल्या त्यांतच ठळक दिसतात. चेहऱ्याची जवळची दृश्ये मागाहून छायेत घेतली तरी चालतात. ढग जात-येत असतील तर वाट पाहावी. एका वाक्याच्या मध्यात ऊन गेले की ते वाक्य पुन्हा घ्यावे. सर्व आकाश सारखे झाकोळलेले असेल, तर तो दिवस सोन्याचा समजावा; सबंध आभाळच पांढरी चादर झालेले असते, आणि दिवसभर कोठेही, कोणत्याही दिशेस तोंड करून काम करता येते. बारामतीचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोरडे झाकोळलेले दिवस तेथे पुष्कळ मिळतात.

वाढीचे चित्र घ्यावयाचे असेल तर आणखी एक दक्षता हवी. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ साली, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला होता, आणि तो दाखवून पुढील कामासाठी भांडवल मिळविले होते. शाळेत हा प्रयोग सहज होतो. वाटाणा, हरभरा अथवा मूग कुंडीत लावावा. कुंडी उत्तरेच्या खिडकीत किंवा व्हरांड्याच्या छायेत ठेवावी, मोबाइल ठेवण्याची जागा विटांनी पक्की करून खडूने आखावी, आणि रोज प्रार्थनेनंतर एकाच वेळी एक चित्र घ्यावे. कुंडी उन्हात ठेवली तर रोजच्या ढगांप्रमाणे उजेड बदलतो व चित्रे जोडल्यावर रोप लुकलुकू लागते. रविवारी चित्र कोणी घ्यावे, हे शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनीच ठरवावे.